झोळीतली वळकटी

१

टिकली झोपली की माझा दिवस सुरू व्हायचा, आणि टिकली झोपायचीच नाही.

सात महिन्यांची पोर. पाळण्यातलं नाव शरयू, पण जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून सगळे टिकलीच म्हणत. आवाज मात्र टिकलीएवढा नव्हता. जळगावच्या आमच्या भाड्याच्या तीन खोल्यांत ती सुरू झाली की शेजारी आपली भांडणं थांबवून ऐकत.

रडण्याचं मला एवढं काही नव्हतं. धास्ती होती ती आखाजीची, म्हणजे अक्षय्यतृतीयेची. मला आई नाही, म्हणून बाळंतपण धुळ्याला सासरीच झालं. त्यानंतर कितीतरी दिवस मी भिंतीकडे तोंड करून रडत असे. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. सासूबाईंनी त्याचा अर्थ लावून टाकला. ‘हिनं डोकं ठिकाणवर नही. पोर मन्हाकडे ऱ्हाऊ द्या.’ ह्यांनी मधला मार्ग काढला. हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. आलेलं पाणी अडवायचं नाही, वळवून द्यायचं, हा घरातही नियम. ठरलं असं, की सासूबाई आखाजीला जळगावला येतील. तोवर मी नीट राहिले तर टिकली माझ्याजवळ. नाहीतर त्यांच्याबरोबर धुळ्याला.

नीट राहणं म्हणजे काय, ते कोणी सांगितलं नव्हतं. मी आपला अंदाज बांधला, की हाताला काम असलेली बाई नीट दिसते.

काम सापडलं ते वाळत घातलेल्या लंगोटावर. अंगणातली तार गंजकी. तिच्यावर ओला लंगोट पडला होता, त्यावर पेरूचं एक पान चिकटलं होतं. सोडवायला गेले तर खाली दुसरं पान. शिरा, दातेरी कड, किडीचं भोकसुद्धा. सगळं काळसर निळं उमटलेलं. साबण लावला, घासलं, हलेना. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेऊन मी आजवर काय केलं, तर परीक्षा दिली. त्या लंगोटानं मला पहिल्यांदा वाटलं, की शिकलेलं वाया गेलं नसावं.

मग ते वेडच लागलं. (हा शब्द त्या घरात जपून वापरावा लागे.) सुती कापड सोड्यात उकळून खळ काढायची. हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, म्हणजे ते सारखं पिवळट होतं. गंजके खिळे गुळाच्या पाण्यात मुरवून ठेवलेले असत. त्यात पानं बुडवायची, कापडावर मांडायची, कापड दुमडायचं, घट्ट वळकटी करायची, सुतळीनं करकचून बांधायचं आणि मोठ्या तपेल्यात वाफेवर ठेवायचं. चैत्रातलं जळगाव, बाहेर डांबर वितळतंय आणि मी घरात स्टो पेटवून वाफा काढतेय! वळकटी दुसऱ्या दिवशी उघडायची. मधे हात लावायचा नाही. पेरू, एरंड, कडुलिंब उमटत. सगळ्यात देखणं उमटे ते देशी बदामाचं पान. हे रावेरकडे कामावर गेले की तिथल्या डाकबंगल्यातून ती पानं पिशवीभर आणत.

घरमालकीण धनकुंवरबाईंनी ते ठसे पाहिले आणि कमरेवर हात ठेवला. ‘वहिनी, माझी लेक धुळ्याला दिली आहे, तिला दिवस गेलेत. तिच्या बाळाला अशी दुपटी करून द्या. आखाजीला तुमच्या सासूबाई येतील ना, त्यांच्याच हाती पाठवू.’

सासूबाईंच्या हाती, माझं काम! मला दुसरं काही नकोच होतं.

२

दुपट्यांसाठी धनकुंवरबाईंनी शेठजींची जुनी धोतरं दिली. बाळाला पहिलं अंगावरचं जुन्याचंच, आणि जुनं कापड रंग पितं.

आधीच्या वळकट्या लहान, कोनाड्यात मावत. दुपट्याची ही पहिली वळकटी वाफेवरून उतरवली आणि ठेवायला जागा सापडेना. जमिनीवर ठेवली की गुळाच्या वासानं मुंग्यांची रांग. खुंटीला टांगली तर सुतळी एका बाजूला ओढली जाऊन पानं सरकत. कोनाड्यात मावेना. घामानं डोळे चुरचुरत होते, भाकऱ्या व्हायच्या होत्या. टिकली, नवलच म्हणायचं, खाली सतरंजीवर झोपली होती. मधल्या खोलीत तिची झोळी रिकामी लोंबत होती. कड्याला टांगलेलं जुनं लुगडं, अधांतरी, मऊ, चहूबाजूंनी सारखं. मी वळकटी उचलली आणि झोळीत ठेवली. तिथं ती इतकी बरोबर बसली की मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं.

झोळीची दोरी स्वयंपाकघरात येत असे. भाकरी थापताना मी ती पायाच्या अंगठ्याला अडकवून ओढायची. त्या दिवशीही अंगठा आपसूक गेला. दोरी ओढली, सोडली, ओढली, सोडली. पाठीमागे झोळी कुरकुरत होती. मी काहीतरी गुणगुणतही असावे.

‘काय हो वहिनी,’ धनकुंवरबाई ताकाची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या, ‘छोरी तर इथं खाली. मग झोके कोणाला?’

मी पाहिलं. अंगठा अजून हलतच होता.

‘रिकामी झोळी हलवू नये हां. पोराचं पोट दुखतं.’

‘रिकामी कुठंय?’ मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो. हसून हसून त्यांच्या वाटीतलं ताक सांडलं.

टिकली जागी झाली नाही. संध्याकाळपर्यंत झोपली. मी तिच्या नाकाखाली दोनदा बोट धरून पाहिलं.

३

दुसऱ्या दिवशी वळकटी उघडली. बदामाची पानं अशी उमटली होती की हात लावला तर चुरगळतील. कडेनं कडुलिंबाची नक्षी. आणि बरोबर मधे कोरी जागा.

कोरी म्हणजे पांढरी. आंब्याएवढी, जराशी लांबट. तिथं मी मोठं एरंडाचं पान ठेवलं होतं, ते मला चांगलं आठवत होतं. कोऱ्या जागेच्या बाहेर त्याचा देठ आणि टोकं उमटली होती. मधला भाग नव्हताच. पान आणि कापड यांच्यात काहीतरी येऊन बसल्यासारखा.

मी चिडले. मग विचार केला. टिकलीला रोज तेल लावते, तेलकट अंगानं ती या धोतरावर लोळली असणार. तेल असेल तिथं हिरडा धरत नाही आणि हिरडा नसेल तिथं पान उमटत नाही. झालं! शास्त्र आपल्या बाजूनं असलं की किती बरं वाटतं.

एकच गोष्ट खुपत होती. कापड मी चार पदरी दुमडलं होतं. दुमडलेल्या कापडात काही घुसलं, तर उघडल्यावर ते चार ठिकाणी दिसायला हवं. ही जागा एकच होती. सलग.

असो, म्हटलं. दुपटं धुऊन पुन्हा हिरड्यात घातलं. ती जागा पिवळी झाली नाही.

४

दुसऱ्या वेळी मी नवं मांजरपाट आणलं, पेठेतून, गिऱ्हाइकाच्या नजरेनं पारखून. टिकलीला त्याच्या आसपास फिरकू दिलं नाही. सोड्यात उकळलं, हिरड्यात घातलं, मग अंगणात उन्हाकडे धरून सूतन् सूत पाहिलं. सगळीकडे सारखं पिवळं, कुठेही डाग नाही. वळकटी बांधली, वाफवली, झोळीत ठेवली. झोके द्यायचे नाहीत असं ठरवलं होतं. पण अंगठ्याला ठरवलेलं कळत नाही.

तेव्हा मला जाणवलं, की दोरी जड लागतेय.

हे कसं सांगू? रोज झोका देणाऱ्या बाईला मागे न बघता कळतं, पोर झोपलंय की नुसतं डोळे मिटून पडलंय. झोळीतलं वजन दोरीतून पायात येतं. ओलं कापड जड असतं, हे मलाही कळतं. पण ओलं कापड झोक्याच्या टोकाला गेल्यावर आपलं अंग सावरत नाही. ही वळकटी सावरत होती.

उघडली तेव्हा कोरी जागा परातीएवढी झाली होती. एका बाजूनं गोल, आत वळलेली. पाठीसारखी. आणि पांढरी स्वच्छ. मी स्वतः उन्हात पाहिलेला पिवळा रंगसुद्धा तिथून गेला होता.

धनकुंवरबाईंनी दुपटं हातात घेतलं, लांब धरलं. ‘पानं झकास. पण मधे हे कोण बसलंय?’

त्या गमतीनं म्हणाल्या. मग गंमत त्यांनाच आवडली नसावी. दुपटं घडी न घालताच मला परत दिलं. ‘लेकीला पहिलं बाळ आहे. जरा चांगलं करा, वहिनी.’

टिकली सतरंजीवर पडून आमच्याकडे बघत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती बऱ्याच दिवसांत रडली नाही.

५

पोर रडत नाही याची तक्रार कोणाकडे करायची? हे रावेरहून आले, तिला उचलून घेतलं आणि खूश झाले. ‘बघ, शहाणी झाली. तूच उगाच घाबरत होतीस.’

‘ती दूधही नीट पीत नाही.’

‘उन्हाळा आहे. आपण तरी कुठे जेवतो?’

मी दुपटी त्यांच्यासमोर पसरली. ती कोरी जागा, तिची पाठ, सगळं दाखवलं. ते वाकून बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात मला धुळ्याची ती भिंत दिसली.

‘रंग नाही धरला,’ ते फार हळू आवाजात म्हणाले. ‘एवढंच ना? त्यासाठी रडतं का कोणी?’

मी रडत होते हे मला त्यांनी सांगितल्यावर कळलं. डोळे पुसून मी म्हणाले, ‘कांद्यामुळे.’ घरात त्या दिवशी कांदा चिरला नव्हता. यापुढे ह्यांना काही दाखवायचं नाही, हे तिथेच ठरलं. एक शब्द जास्त बोलले की टिकली धुळ्याला.

पण हात थांबवता येईना. धनकुंवरबाईंची दुपटी राहिली होती, आणि खरं सांगायचं तर मला त्या कोऱ्या जागेला हरवायचं होतं. वळकटी आता मी मोरीत, पाटावर ठेवू लागले. पाटाखाली पाण्याची परात ठेवली की मुंग्या येत नाहीत. इतकं साधं होतं, आधी सुचलं नाही.

झोळीत पुन्हा टिकली. त्या दुपारी भाकऱ्या थापताना मी दोरी ओढली आणि अंगठा सटकन मागे आला. दोरीला वजनच नव्हतं. नुसतं लुगडं हलवल्यासारखं. पिठाच्या हातानं धावले. टिकली आत होती. डोळे उघडे. झोळीच्या घडीतून माझ्याकडे शांतपणे बघत होती, जणू मी पाहुणी आलेली.

तिला उचलून छातीशी लावलं. तिनं तोंड लावलं नाही. मलाही पान्हा आला नाही. गेले कित्येक दिवस येत नव्हता, आणि मी ते उन्हावर ढकलत होते.

मोरीत वळकटी होती. दिवस पुरा व्हायच्या आतच मी ती उघडली.

या वेळी आकार पुरा होता. कुशीवर झोपलेलं, गुडघे पोटाशी, एक हात अंगाखाली. दुसऱ्या हाताची मधली दोन बोटं तोंडात. सगळी पोरं अंगठा चोखतात. मधली दोन बोटं चोखणारी मी एकच पाहिली आहे. भोवती बदामाची पानं इतकी सुंदर उमटली होती, की ती त्याच्यावर पांघरूण घातल्यासारखी दिसत होती.

मी दुपटं गोळा करून घट्ट दाबून धरलं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. हे जे काही आहे, ते माझ्या लेकीसारखं झोपायला शिकलंय. आधी पाठ, मग हात, मग बोटं. आता ते तिच्यापाशी येणार.

६

आखाजीच्या आदल्या दिवशी सासूबाई आल्या. सोबत सांजोऱ्या, आंबे आणि माझ्याकडे बघण्याची ती तिरपी नजर. गल्लीतल्या लिंबाला झोके बांधले होते, माहेरी आलेल्या पोरींची गाणी दिवसभर चालली होती. मी दारं लावून घेतली होती. शेवटची वळकटी मोरीत होती. धनकुंवरबाईंच्या लेकीला द्यायला एक तरी धड दुपटं हवं, म्हणून बांधलेली. उघडायचा धीर होत नव्हता.

सासूबाईंनी टिकलीला मांडीवर घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं, गुदगुल्या केल्या.

‘आते रडस नही का?’

‘नाही.’

‘कशी गुणनी पोर शे मन्ही!’ त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पहिल्यांदा पाहिला. आखाजीच्या जेवणानंतर त्यांनी मला जवळ बसवलं. खरबरीत हात माझ्या हातावर ठेवला. ‘पोरले तू सांभाळी लिनं. मी उगाच बोलनू. तुन्हाजवळच ऱ्हाऊ दे तिले.’

हे दारात उभे होते. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

मी जिंकले होते. ज्यासाठी चार महिने दात आवळून नीट राहिले, ते माझ्या ओटीत पडलं होतं. आणि माझ्या तोंडून आलं, ‘तुम्ही घेऊन जा तिला.’

‘काय?’

‘आजच न्या. धुळ्याला. लगेच.’ मी त्यांचे पाय धरले. ‘इथं नको ती. या घरात नको.’

सासूबाईंचा हात मागे गेला. ‘तुले काय व्हयनं? पोटनी पोर अशी कोणी देस का?’

उत्तर दिलं असतं तर दोघांनी मला काय म्हटलं असतं, ते मला पाठ होतं. मी फक्त टिकलीचं गाठोडं बांधायला घेतलं. ह्यांनी सासूबाईंकडे बघून मान हलवली, न्या म्हणून. सासूबाई पोरीला आंघोळ घालायला मोरीत गेल्या. तिथून त्यांचा वैतागलेला आवाज आला, ‘बठ्ठं घर ओलं करी ठेयेल शे!’ काहीतरी उचलल्याचा, टाकल्याचा आवाज आला. मी वर बघितलं नाही.

दुपारच्या एस. टी. नं त्या गेल्या. हे स्टँडवर सोडायला गेले. दारातून निघताना टिकलीनं सासूबाईंच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. ओठ हलले नाहीत, हात पुढे आला नाही. मी मात्र हात जोडले. सुटलीस बाई, म्हटलं. दूर जा.

७

घर इतकं गप्प कधीच नव्हतं. बाहेर झोके थांबले होते, पोरी उन्हाला कंटाळून घरी गेल्या असाव्यात. मी पाणी प्यायले. भांडं पालथं घातलं. कितीतरी दिवसांनी खांदे खाली आले. आता काय असेल ते असो, पोर सुखरूप आहे. मी मोरीत गेले. वळकटी उघडून, फाडून, चुलीत घालून एकदाचं मोकळं व्हायचं होतं.

पाट रिकामा होता.

तेव्हा मधल्या खोलीत रडणं सुरू झालं.

आधी बारीक कुरकूर, मग श्वास ओढल्याचा तो क्षण, आणि मग ते भोकाड. भुकेचं. घर डोक्यावर घेणारं. कोणी म्हणेल, शेजारचं पोर असेल. मीही म्हटलं. म्हणून बघितलं, खिडकीकडे गेले, कान दिला. पण तोवर माझी चोळी पुढून ओली झाली होती. दोन्हीकडून दूध वाहत होतं. इतक्या दिवसांचं साचलेलं, दुखवून बाहेर येणारं.

माझं डोकं चुकेल. ते चुकतं, सगळ्या घराला माहीत आहे. दूध कसं चुकेल?

झोळी हलत होती. कोणी दोरी ओढत नव्हतं. आत सासूबाईंनी मोरीतून उचलून टाकलेली वळकटी होती, ओली, जड, सुतळीनं करकचलेली. गाठी मीच मारल्या होत्या. त्या सुटेनात. नखं तुटली. दातांनी ओढल्या. तोंडात गंजाची आणि गुळाची चव आली. विळी आणली, पण पातं किती आत जाईल याची भीती वाटली. एकेक सुतळी उचलून, खाली बोट घालून कापली.

पहिला पदर उलगडला. पानं. स्वच्छ, सुरेख, कोरी जागा कुठेच नाही. दुसरा पदर. पानं. एवढं चांगलं माझ्या हातून कधी उमटलं नव्हतं, आणि मी ते जमिनीवर फेकत होते. प्रत्येक पदरासरशी रडणं जवळ येत होतं. कापड कोमट होऊ लागलं, मग ऊन. शेवटच्या घडीत मी हात घातला, आणि आतून कोणीतरी माझं बोट धरलं. त्या हाताची मधली दोन बोटं ओली होती.

मी ती घडी पूर्ण उघडली नाही. थोडीशीच उघडली. तेवढी पुरली.

किती वेळ गेला माहीत नाही. दारात सायकल टेकवल्याचा आवाज आला. हे आत आले, जमिनीवरची कापडं, पानांचा चिखल, विळी, सगळ्यांवरून त्यांची नजर फिरत माझ्यापर्यंत आली. मी भिंतीला टेकून बसले होते. पदर पुढे ओढून घेतला होता.

‘मिळाली गाडी,’ ते म्हणाले. ‘टिकली रडली नाही गं अजिबात.’ मग वाकून पाहिलं. ‘पदराखाली काय आहे?’

‘हळू बोला ना,’ मी म्हणाले. ‘आत्ता कुठे तिचा डोळा लागतोय.’